दुधावरचा आळ

मुलुंडच्या एका औषधांच्या कारखान्यात पट्ट्यासमोर उभं राहण्यात माणिक इंगळेचं अर्धं आयुष्य गेलं. पट्टा म्हणजे यंत्रावर सरकत राहणारी रुंद रबरी पट्टी. तिच्यावरून गोळ्यांची पाकिटं एकामागून एक येत राहायची. नवी पोरगी कामाला लागली की आधी तिला नुसतं उभं करत, मग सुपरवायझर तिच्या डोक्यावर टोपी चढवी. पांढरी टोपी मिळाली तर खोकी भरायची, निळी मिळाली तर लेबलं लावायची, हिरवी मिळाली तर बाटल्या धुवायच्या. एकदा टोपी चढली की पोरगी त्या कामाची झाली, तिचे हात जन्मभर तेच करत. सगळ्या हॉलमध्ये लाल टोपी एखादीच असे. तिनं काही भरायचं नाही, काही चिकटवायचं नाही. नजर ठेवायची आणि काही बिघडलेलं दिसलं की बटण दाबून पट्टा थांबवायचा.

माणिकला लाल टोपी मिळाली तेव्हा बाकीच्या बायकांनी नाकं मुरडली. "आता ही बघ कशी पाटलीण होते," असं तिच्या तोंडावर म्हणाल्या. ती खरंच पाटलीण झाली. कुणाच्या बापाला भ्यायची नाही. साहेब ओरडला तरी वाकडं पाकीट दिसलं की पट्टा बंद. विक्रोळीच्या चाळीतही तिचा तोच खाक्या. नळावरचं भांडण असो की कुणाच्या नवऱ्याची दारू, माणिक मध्ये पडली की आवाज खाली यायचे.

एवढ्या खमक्या बाईच्या पोटात एक भीती तीस वर्षं घर करून होती. ती भीती दुधाची होती.

माणिकला मुलगी शीतल हिच्या आधी दोन मुलगे झाले होते. थोरला हर्षद जन्मला तेव्हा गोरा, गुटगुटीत, बघत राहावा असा. महिना सरता सरता त्याला जुलाब लागले ते थांबेचनात. अंगाची साल निघायला लागली, गालांवर लाल चट्टे उठले, आणि दात यायच्या आधी तो गेला. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी कमी झालं. दुसरा झाला तेव्हा सासू गावाहून, बुलढाण्याकडून, मुद्दाम येऊन राहिली. घरात देवदेव कधीच बंद झाला होता, भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, पण भीतीनं काही धर्म बदलला नव्हता. सासूनं नातवाचं नाव ठेवलं धोंडू, म्हणजे मरणाला वाटावं की हा दगड आहे, याला कोण नेतं! त्याला शेजारणीच्या ओटीत घातलं आणि मूठभर ज्वारी देऊन तिच्याकडून परत विकत घेतलं. म्हणजे तो माणिकचा राहिलाच नाही, मरण माणिकच्या दारात येऊन हात हलवत परत जाईल. मरणाला असली ज्वारी किती जणांनी दाखवली असेल! धोंडूही तसाच गेला. तेच जुलाब, तीच साल. शेवटी शेवटी तर त्याच्या ओल्या दुपट्याला मुंग्या लागायच्या. माणिक त्या झटकून झटकून दमून जायची.

तेव्हा सासू मोरीच्या उंबऱ्याशी बसून म्हणाली, "तुझ्या दुधाला मुलगे सोसत नाहीत गं बाई."

ती रागानं बोलली नव्हती. भाकरी करपली म्हणावी तितक्या साधेपणानं बोलली होती, आणि म्हणूनच ते माणिकच्या मनात रुतून बसलं. मग शीतल झाली. माणिकनं डोळे मिटून तिला छातीशी धरलं, आज जाते की उद्या जाते म्हणत पाजत राहिली. पोरगी त्याच दुधावर टुणटुणीत झाली. सासूचं बोलणं खरं ठरलं. मुलगी जगली, मुलगे गेले. आणखी काय पुरावा हवा? सासू गेली, पुढे नवरा सीतारामही गेला. ते वाक्य मात्र घरात राहिलं.

शीतलचं लग्न दहिसरच्या मिथुन जाधवशी झालं. मिथुन एका मॉलमध्ये इलेक्ट्रिशियन, स्वभावानं गरीब, बायकोच्या शब्दाबाहेर नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. म्हणून सातव्या महिन्यात शीतल विक्रोळीला आली. माणिकनं डिंकाचे लाडू केले, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली, आणि रोज मनात एकच धावा केला, मुलगी होऊ दे.

मुलगा झाला. सिझर करून झाला. नर्सनं तो माणिकच्या हातात दिला, आणि तिला हर्षदच परत आल्यासारखं वाटलं. तेच कपाळ, तीच जिवणी. त्याचं नाव पुढे मिहिर ठेवलं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. माणिकच्या पुढ्यात तर परत दूधच आलं होतं.

नर्स येऊन सांगून जाई, "बाळाला अंगावर घ्या." ती वळली की माणिक बाळ उचलून घेई आणि वाटी-चमच्यानं डब्याचं दूध पाजी.

"आई, छाती दगडासारखी झालीय गं. घेऊ दे ना त्याला," शीतल कळवळून म्हणाली.

माणिकनं दार लोटलं आणि जे कधी मुलीपुढे नीट बोलली नव्हती ते बोलली. "तुझ्याआधी दोन भाऊ होते तुला. माझ्याच दुधानं गेले. आपलं दूध मुलग्यांना बाधतं. तू पोटची आहेस म्हणून सांगते, याला पाजू नको."

"कायपण काय बोलतेस?"

"दोन पुरलेत मी. तिसरा पुरायची ताकद नाही माझ्यात."

टाके ताजे होते, अंगात ताप होता. शीतल घाबरली. आईनं चालता पट्टा थांबवावा आणि सगळ्यांनी हात वर घ्यावेत, याच धाकात ती लहानाची मोठी झाली होती. तिनं मान डोलावली.

घरी आल्यावर माणिकनं तिची छाती घट्ट बांधली. दूध आटवायच्या गोळ्या मेडिकलमधून आणल्या. त्या गोळ्या तिच्या ओळखीच्याच होत्या, कारखान्यात कधीकाळी तिच्याच पट्ट्यावरून त्यांची पाकिटं गेली होती. तरी दोन-तीन रात्री शीतलचा ब्लाऊज भिजत राहिला. बाळ रडलं की दूध आपसूक यायचं, आणि ती टॉवेल दाबून भिंतीकडे तोंड करून पडायची. पुढे ते आटलं. बटण वेळेवर दाबलं, असं माणिकला मनापासून वाटलं.

तीन आठवडे पोर बरं होतं. मग जुलाब लागले.

माणिकनं तरी हार मानली नाही. अंगावरचं नाही तर डब्यातलं दूध बाधत असेल, म्हणून डबा बदलला. मग सोयाचं आणलं. मग पार्कसाइटच्या टेकडीवर एकाकडे बकऱ्या होत्या, तिथून रोज पहाटे बकरीचं दूध आणलं. नाक्यावरच्या डॉक्टरनंही तीच री ओढली, "दूध सूट होत नाही, बदलून बघा." पोराच्या गालावर लाल चट्टे उठले. कोपरांची साल निघायला लागली. माणिक ते बघायची आणि बोलायची नाही. दुधामागून दूध बदलत तिनं दीड महिना घालवला. कुणी अडाणी म्हणेल तिला. पण तिच्या जागी दुसरं कोण काय वेगळं करणार होतं? तिला चोर एकच माहीत होता आणि ती त्याच्याच मागे धावत होती.

मग एके सकाळी मोरीत पडलेल्या दुपट्याला मुंग्या दिसल्या. काळी, सरळ रांग. माणिक तिथंच खाली बसली.

त्याच दिवशी पोराला लहान मुलांच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. दहिसरहून विहीणबाई धावत आल्या, मिथुन ड्युटी टाकून आला. रक्त तपासलं तर साखर भयंकर वाढलेली. दोन महिन्यांच्या जिवाला मधुमेह! डॉक्टर गंधाली नावाच्या पस्तिशीच्या बाई होत्या. बोलणं तुटक, डोळे जागरणानं लाल. त्यांनी विचारलं, "घराण्यात कुणाला असं काही?"

विहीणबाईंनी पदर सावरला. "आमच्या सात पिढ्यांत साखर नाही, डॉक्टर. जाधवांच्या घरात पोरं दगडासारखी."

"आईकडे?"

"आईकडचं काय विचारता? पोर जाधवांचं आहे."

आपल्याकडे घराणं म्हटलं की बापाचं. आईकडचे मेलेले मामा कोण मोजतो? नाक्यावरच्या डॉक्टरनंही हाच प्रश्न विचारला होता. तेव्हा मिथुननं मान हलवून "नाही" म्हटलं होतं, आणि माणिक शेजारी उभी असून तिला हा प्रश्न आपल्यासाठी आहे असं वाटलंच नव्हतं. पण आज मुंग्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या.

"आमच्यात दूध बाधतं," ती म्हणाली.

डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. "कुणाला बाधलं, आजी?"

"मुलग्यांना. माझे दोन गेले. असेच जुलाब, अशीच साल निघायची. धाकट्याच्या दुपट्याला मुंग्या यायच्या."

विहीणबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. डॉक्टर खुर्ची ओढून अगदी समोर येऊन बसल्या. "आणि तुमचे भाऊ?"

माणिकला आठवायला लागलं नाही. "मला भाऊच नव्हता जगलेला. आई म्हणायची, तिला मुलगे लाभले नाहीत."

"हे आधी कुणाला सांगितलं नाहीत?"

"घराण्याचं विचारलं होतं ना," माणिक म्हणाली. "घराणं जाधवांचं."

डॉक्टरांनी लगेच चिठ्ठी लिहिली. रक्त जीनच्या तपासणीला गेलं. उत्तर यायला काही आठवडे लागणार होते, पण त्यांनी वाट न बघता इन्सुलिन आणि दुसरी औषधं सुरू केली. उत्तर आलं तेव्हा तिघांना बोलावलं, शीतल, मिथुन आणि माणिक. विहीणबाई दाराशी उभ्या राहिल्या.

डॉक्टर हळू बोलल्या, समजेल असं बोलल्या. आपल्या रक्तात टी पेशी असतात, त्यांतल्या काहींना मदतनीस पेशी म्हणतात. नवी पेशी येते तेव्हा तिला काही काम ठरलेलं नसतं. मग तिच्या आत एखादं प्रथिन जागं होतं, ते जाऊन तिच्या जीनवर बसतं, आणि कुठले जीन चालू करायचे, कुठले बंद ठेवायचे ते ठरवतं. टी-बेट नावाचं प्रथिन जागं झालं तर ती पेशी क्षयासारख्या जंतूंशी लढणारी होते. गाटा-थ्री असेल तर पोटातल्या जंतांवर सोडली जाते. तिसरं एक आहे, त्यानं ती बुरशीवर जाते. एकदा ठरलं की सहसा ठरलं.

"टोपी," माणिक पुटपुटली.

"काय?"

"आमच्याकडं टोपी द्यायचे. ज्या रंगाची टोपी, ते काम."

डॉक्टरांनी क्षणभर विचार केला. "हो. तसंच. फक्त ही टोपी पेशीच्या आतून येते. आणि फॉक्स-पी-थ्री म्हणून एक प्रथिन आहे. ते ज्या पेशीत जागं होतं, ती लढत नाही. बाकीच्यांना आवरते. पुरे, आता थांबा, हे शरीर आपलंच आहे, असं सांगणारी."

"लाल टोपी," माणिक म्हणाली.

"मिहिरमध्ये त्या प्रथिनाचा जीनच बिघडलेला आहे. आवरणारं कुणी नाही. म्हणून त्याच्याच पेशी त्याचं आतडं, त्याची कातडी, साखर सांभाळणारी ग्रंथी, सगळं खातायत."

माणिकच्या डोळ्यांपुढे हॉल उभा राहिला. पट्टा सुसाट चाललाय, पाकिटं एकमेकांवर चढतायत, काच फुटतेय, आणि बटणापाशी कुणी नाही. इतकं लख्ख समजलं तिला की न समजतं तर बरं झालं असतं.

"म्हणजे दूध?" तिनं विचारलं.

"दुधाचा काही संबंध नाही, आजी. तेव्हाही नव्हता."

तीस वर्षांचं ओझं एका वाक्यात खाली आलं. माणिकला हलकं वाटलं, खरंच हलकं वाटलं, आणि पोर आत नळ्यांत पडलेलं असताना आपल्याला हलकं वाटलं याची तिला लगेच लाज वाटली. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती. पण खरा चोर कोण, ते ऐकायचं राहिलं होतं.

हा जीन एक्स गुणसूत्रावर असतो, डॉक्टर म्हणाल्या. बाईला दोन एक्स. एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो, तिला काही होत नाही. मुलाला एकच, तो आईकडून आलेला. तो बिघडलेला निघाला तर सांभाळायला दुसरा नाही. शीतलकडून मिहिरला आला. शीतलला तुमच्याकडून आला. तुम्हाला तुमच्या आईकडून आला असणार.

"कुणाची चूक नाही ही," त्यांनी घाईनं जोडलं. असं डॉक्टरांना म्हणावंच लागतं.

सासू चुकीचं बोलली होती आणि तरी तिचं बरोबर होतं. माणिकचे मुलगे माणिकमुळेच गेले होते. दुधातून नाही, त्याच्याही आधी, त्यांना जगाची हवा लागायच्या आत. दारातल्या विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला आणि बाहेर जाऊन बाकावर बसल्या. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "लग्नाआधी सांगायचं होतं." मिथुननं वळून, जन्मात पहिल्यांदा, आईवर आवाज चढवला. "मम्मी, बस झालं! आता गप."

उपाय होता. दुसऱ्याची अस्थिमज्जा मिहिरच्या शरीरात घालायची, म्हणजे तिथून आवरणाऱ्या पेशी येतील. जुळणारा दाता शोधायचा, आणि तोवर औषधं देऊन पोराची सगळीच प्रतिकारशक्ती दाबून ठेवायची. मिथुनची अस्थिमज्जा अर्धी जुळत होती, तेवढ्यावर करून बघू असं डॉक्टर म्हणाल्या. पण पोराचं वजन वाढायला हवं होतं. लवकर आला असता तर, असं त्या एकदा बोलून गेल्या. मग माणिककडे बघून कागद चाळायला लागल्या. माणिकनं ते ऐकलं होतं. बकरीच्या दुधासाठी टेकडी चढण्यात गेलेला तो दीड महिना तिच्या छातीवर बसला, तो उठलाच नाही.

काही दिवस बरे गेले. जुलाब कमी झाले, गालांचे चट्टे फिके झाले. एकदा तर मिहिर मिथुनचं बोट धरून हसला, आणि मिथुन ते सगळ्या वॉर्डला सांगत फिरला. मग पोराला ताप आला. दाबून ठेवलेल्या शरीराला साधा संसर्ग झेपला नाही, तो छातीत उतरला. शनिवारी सकाळी, मिथुन खाली चहा आणायला गेला असताना, मिहिर गेला.

दहिसरला त्याला पुरलं. भन्तेजींनी वंदना म्हटली. विहीणबाई रडल्या, मोठ्यानं रडल्या, आणि शीतलच्या अंगाला हात लावला नाही. मग शीतल विक्रोळीला आली. मिथुन रोज कामावरून तिच्याकडे येई, जेवून परत जाई. परत कधी नेणार हे त्यानं म्हटलं नाही, तिनं विचारलं नाही.

माणिकचं चाळीच्या पायरीवर बसणं बंद झालं. नळावर भांडणं झाली तरी ती उठेना. ती मनात एकच गोष्ट घोळवत होती, ती शीतलला कशी सांगावी. शेवटी एका दुपारी डाळ निवडता निवडता बोलली.

"डॉक्टर म्हणाल्या, पुढच्या वेळी पोटात असतानाच तपासता येतं. मूल चांगलं आहे की नाही ते. म्हणजे असं काही नाही की तुला कधीच..."

शीतल खिडकीशी बसली होती. खालच्या मजल्यावर कुणाचंतरी तान्हं रडायला लागलं. तिचा हात आपसूक छातीकडे गेला आणि तिथंच राहिला. तिथं आता काही नव्हतं.

"आई, एक विचारू?"

"विचार गं."

"दुधाचा काही संबंध नव्हता ना? डॉक्टर बोलल्या ना तसं?"

"नव्हता."

"म्हणजे पाजलं असतं तरी तो गेलाच असता."

"हो गं बाई. गेलाच असता. तू नको मनाला लावून घेऊ."

"तसं नाही." शीतलचा आवाज अगदी सपाट होता, त्यात राग नव्हता. तिच्या आजीचाही तेव्हा असाच होता. "तो गेलाच असता. पण मी त्याला एकदा तरी घेतलं असतं. तुझे दोघं निदान तुझं पिऊन गेले, आई. माझ्याला मी काहीच दिलं नाही. जे दिलं ते हे रक्तातलं, एवढंच दिलं."

माणिकच्या हातातलं सूप तसंच राहिलं. खालचं पोर रडायचं थांबलं, त्याच्या आईनं त्याला घेतलं असणार. शीतल उठली, मोरीवरच्या फळीवरची मिहिरची वाटी आणि छोटा चमचा घेतला, घासले, पुसले, आणि आईच्या पुढ्यात आणून ठेवले.

"हे तू ठेव," ती म्हणाली, आणि दहिसरला जायची पिशवी भरायला लागली.